काचेआडची घंटा

शाळामास्तराचा दिवस घंटेवर चालतो. म्हणूनच की काय, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या सीसिटी संग्रहालयात मांडलेल्या एका घंटेची हकीकत वाचल्यापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. समुद्रतळीच्या थडग्यातून उचललेली वस्तू लोकांनी पाहावी म्हणून मांडावी काय? सणासुदीला हा विषय कशाला, असे वडीलधारी मंडळी म्हणतील. पण थोडे ऐकावे.

घंटा ‘मेंडी’ या आगबोटीची. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेतले कृष्णवर्णी मजूर घेऊन ती फ्रान्सला निघाली होती. युद्धावर चाललेल्या या माणसांच्या हाती बंदूक द्यायला मात्र सरकार तयार नव्हते! २१ फेब्रुवारी १९१७ च्या पहाटे, वाइट बेटाजवळच्या दाट धुक्यात ‘डॅरो’ ही ब्रिटिशांचीच मोठी बोट भरवेगाने तिच्यावर आदळली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. ‘डॅरो’च्या कप्तानाने बुडणाऱ्यांना मदत केली नाही. त्याला शिक्षा कोणती? एक वर्ष परवाना स्थगित.

बोट बुडताना आयझॅक ड्योभा या धर्मोपदेशकाने सर्वांना धीर दिला आणि ते अनवाणी पायांनी नाचत मृत्यूला सामोरे गेले, अशी कथा तिकडे तोंडोतोंडी चालत आली आहे. तिला कागदाचा आधार नाही. कादंबरीकार म्हणून मला तिचा मोह पडतो, हे खरे; पण तिचा जन्म मला अधिक बोलका वाटतो. सरकारने या कृष्णवर्णी मजुरांना युद्धाचे पदकही दिले नाही. मग लोकांनी आपल्या माणसांचा सन्मान आपल्या जिभेवर जपला.

२०१७ साली कुणा अनामिकाने ती घंटा प्लास्टिकच्या पिशवीत घालून एका वार्ताहरासाठी ठेवली. २०१८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी ती केपटाउनला जाऊन परत केली. ती समुद्रातच राहायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मृतांच्या उशाची वस्तू उचलू नये, हे आपल्याकडे पोरालाही कळते. तरीही ती लोकांपुढे आली, हे मला बरे वाटते. बुडणारी माणसे एकाने तर पाहून सोडून दिली होती. आता काचेपुढे कोरड्या पायांनी उभ्या राहिलेल्या आपणही नुसते ‘अरेरे’ म्हणून पुढच्या दालनात जावे काय? मला विचाराल तर अशा घंटेशेजारी आणखी एक काचपेटी ठेवावी, अगदी रिकामी. तिच्यावर एवढेच लिहावे : न दिलेली पदके.