पठाणाचे देणे

मराठीत पठाणाचे नाव निघाले की पाठोपाठ व्याज येते. पठाणी व्याज, पठाणी वसुली हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की पठाणाचेच पैसे बुडाले असतील आणि बुडवणारे देश चांगले सुशिक्षित असतील, हे आपल्या भाषेला सुचतच नाही.

मी राहतो त्या कोलकात्यात हाच पठाण 'काबुलीवाला' होतो. हिंग, सुकामेवा, शाली घेऊन आलेले आणि पुढे सावकारीत शिरलेले हे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यातल्या एकाला रवींद्रनाथांनी 1892 मध्ये कथेत आणले. रहमतच्या लेकीच्या आठवणीने वाचकांचे डोळे आजही ओले होतात. पण रहमत तुरुंगात कशासाठी गेला, हे दहा वाचकांना विचारून पाहा. एका गिऱ्हाइकाने उधारीवर रामपुरी चादर घेतली आणि पैसे देणे आहे हेच साफ नाकारले. त्यावरून बाचाबाची झाली आणि सुरा चालला. सुरा चालवणे गुन्हाच, शिक्षा योग्यच. मात्र खोटे बोलणारा तो ऋणको कुणाच्या लक्षात राहत नाही. रडायला लेक पुरते.

15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले, तेव्हा विमानतळावरच्या गर्दीकडे पाहून जग असेच रडले. त्या गर्दीतली बरीच माणसे दया मागायला आली नव्हती. ती वसुलीला आली होती. वीस वर्षे परदेशी फौजांच्या पुढे चालणारा दुभाषी काय करत होता? गावातला म्हातारा काय म्हणतो, ते तो सांगत होता. कोणती वाट सुरुंगाची, कोणता पाहुणा हेर, हे ओळखत होता. सैनिकाची मुदत संपली की सैनिक मायदेशी जाई. दुभाष्याचे घर त्याच गावात राही, आणि त्याने कुणासाठी काम केले हे साऱ्या गावाला ठाऊक असे. 'आम्ही तुला सोडून जाणार नाही' या शब्दावर त्याने जीव तारण ठेवला होता.

या शब्दाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने अशा सहकाऱ्यांसाठी 2009 मध्ये कायदा केला. वरिष्ठाचे शिफारसपत्र, नोकरीचा दाखला, दूतावासाची मंजुरी, मग सुरक्षा तपासणी अशी त्याची पायऱ्यापायऱ्यांची वाट. संसदेने सरकारकडच्या कामाला नऊ महिने ठरवून दिले. प्रत्यक्षात वर्षे लागली. ज्या ठेकेदाराकडे नोकरी केली ती कंपनी बंद पडलेली, ज्या अधिकाऱ्याने पत्र द्यायचे तो निवृत्त होऊन कुठे गेला याचा पत्ता नाही. जीव धोक्यात असलेल्या माणसाने पुरावे जपून ठेवायचे, आणि तेच पुरावे झडतीत सापडले तर मारले जायचे, अशी ही पद्धत.

ब्रिटनने तर कमाल केली. फेब्रुवारी 2022 मध्ये संरक्षण खात्यातून एक तक्ता चुकून बाहेर गेला. त्यात सुमारे 19,000 अफगाण अर्जदारांची माहिती होती. सरकारला हे कळले ऑगस्ट 2023 मध्ये. पुढच्याच महिन्यात न्यायालयाकडून असा मनाई हुकूम आला, की चूक झाली हे सांगायचे नाही आणि मनाई आहे हेही सांगायचे नाही. तो उठला 15 जुलै 2025 रोजी. म्हणजे जवळपास दोन वर्षे ज्यांची नावे फुटली त्यांनाच ते ठाऊक नव्हते. काही जणांना गुपचूप बाहेर काढले, हे खरे. पण मनाई उठण्याच्या पंधरा दिवस आधी, 1 जुलैला, पुनर्वसनाची मूळ योजना नव्या अर्जांसाठी बंदही करून टाकली होती.

इथपर्यंत वाचून मराठी वाचकाला बरे वाटत असेल. गोऱ्यांची कृतघ्नता हा आपल्याकडे पोटभर खाण्याचा विषय आहे. म्हणून आता घरी येऊ.

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये पत्ता विचारला की लोक ब्लॉकची अक्षरे आणि पाण्याच्या टाकीचा नंबर सांगतात. ही मूळची खारी दलदल. हुगळीचा गाळ नळांतून आणून 1962 पासून ती भरली. आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुरचनाकाराचा. 1971 मध्ये इथे वस्ती तुरळक आणि वाळू फार. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन आलेली दोन-अडीच लाख माणसे त्या वाळूवर राहिली. तंबू पुरेनात, म्हणून गटारासाठी आणलेल्या सिमेंटच्या पाइपांत संसार मांडले गेले. ती छायाचित्रे जगभर गेली. अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये ही छावणी पाहून गेले. छावण्यांत कॉलरा होता, चिखल होता, मरण होते. पण सीमा उघडी होती. देशभरात आकडा कोटीच्या घरात गेला. खर्चासाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट आले. साताऱ्याहून सांगलीला पाकीट धाडणाऱ्यानेही ते चिकटवले आणि त्याचा संसार काही बुडाला नाही.

या गोष्टीचा अभिमान मलाही आहे. कोल्हापूरजवळच्या वळीवड्याचाही आहे. तिथे 1943 पासून पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले. त्यांचा खर्च लंडनमधले पोलंडचे परागंदा सरकार उचलत होते, हे मात्र आपण भाषणात सांगत नाही. अशा सगळ्या भाषणांच्या शेवटी 'अतिथी देवो भव' येतेच. हे वचन घराच्या उंबऱ्यापुरते सुंदर आहे. राज्यकारभारात त्याची अंधश्रद्धा झाली आहे, कारण कायद्याची जागा त्याने अडवली. अतिथीला हक्क नसतो. यजमानाची मर्जी असेतो तो देव, आणि मर्जी फिरली की बोजा. 1971 च्या पाहुण्यांना युद्ध संपताच, 1972 च्या पहिल्या काही महिन्यांत परत पाठवले. त्यांचा देश स्वतंत्र झाला होता, म्हणून ते चाललेही. पण ज्याने आपल्यासाठी काम केले आणि त्यामुळेच ज्याला देश उरला नाही, त्याला अतिथी म्हणणे ही हातचलाखी आहे. तो धनको आहे.

असे धनको भारतालाही आहेत. श्रीलंकेत 1987 ते 1990 आपली शांतिसेना होती. तिच्या भरवशावर ईपीआरएलएफ या तमिळ संघटनेने प्रांतिक निवडणूक लढवली, सरकार बनवले, आणि लिट्टेच्या वाघांचे वैर अंगावर घेतले. मार्च 1990 मध्ये आपली शेवटची तुकडी निघाली. मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांना भारताने सुरक्षित आणून वर्षानुवर्षे पहाऱ्यात ठेवले. साध्या कार्यकर्त्यांच्या कुटुंबांना ओडिशाच्या मलकानगिरीत नेऊन सोडले. त्याच दंडकारण्यात, जिथे आधी बंगाली निर्वासितांना धाडले होते. संघटनेचे नेते पद्मनाभ यांना 19 जून 1990 रोजी खुद्द मद्रासमध्ये वाघांनी साथीदारांसह ठार केले. मलकानगिरी नकाशावर कुठे आहे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

अफगाणिस्तानात आपण लढलो नाही, बांधत होतो: झरंज-देलाराम रस्ता, सलमा धरण, काबूलचे संसद भवन. त्या कामांवर, दूतावासाच्या दारावर आणि स्वयंपाकघरात अफगाण माणसे होती. 7 जुलै 2008 च्या दूतावासावरील हल्ल्यात जे मेले, त्यांत बहुसंख्य अफगाण होते. आणि 2021 मध्ये? आपण आणीबाणीचा ई-व्हिसा काढला आणि 25 ऑगस्टला जाहीर केले, की आधी दिलेले व्हिसा रद्द. त्यात आपल्याच शिष्यवृत्तीवर शिकणारे, सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी अडकले. पुण्यात ज्यांच्या खोल्यांना कुलपे होती, असेही. त्याच्या पाच दिवस आधी रंगिना कारगर या अफगाण खासदार बाईंना दिल्ली विमानतळावरूनच परत लावले होते. मागाहून सरकारने दिलगिरी व्यक्त केली.

दिलगिरी व्यक्त करावी लागते, कारण नियम नाही. 1951 च्या निर्वासित करारावर आपली सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. जो आहे तो परकीयांचा. त्यात छळातून पळालेला माणूस आणि व्हिसा संपलेला पर्यटक एकाच रांगेत. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने रांग लावली ती धर्माची. तिच्यात मुस्लिम हजारा जमातीचा दुभाषी बसत नाहीच. पण भारतात येण्याची 31 डिसेंबर 2014 ही शेवटची तारीख पाहा. 2021 मध्ये काबूलहून विमानाने आणलेला शीखही तिच्यात बसत नाही. ऋण फेडताना धनकोचा धर्म विचारणारा सावकारी जगात भामटा ठरतो. राज्याला वेगळा न्याय का?

यावर आक्षेप येतात आणि ते सगळेच टाकाऊ नाहीत.

पहिला आक्षेप: पगार घेतला, हिशेब मिटला. पगार दिवसाच्या कामाचा होता. आपण निघून गेल्यावर त्याच्या दारावर पडणाऱ्या थापेची किंमत त्यात नव्हती. आपल्याच सैनिकाला पगाराखेरीज निवृत्तिवेतन देतो, ते कशासाठी?

दुसरा: परक्या फौजेला मदत करणारा तो गद्दारच. हा शब्द काढण्यापूर्वी मराठी माणसाने पानिपत आठवावे. 14 जानेवारी 1761 रोजी इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने अब्दालीविरुद्ध लढला, पकडला गेला आणि हाल करून मारला गेला. समोरचा बादशहा त्याच्याच धर्माचा होता. त्याला आपण निष्ठावंत म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मग शब्दाला जागणाऱ्या काबूलच्या माणसासाठी आपला कोश का बदलतो? अर्थात, परक्यांच्या पाठबळावर ज्यांनी गावकऱ्यांवर अत्याचार केले, असेही सहकारी होते. त्यांच्यावर खटले भरावेत. देणे आहे म्हणून गुन्हा धुतला जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, सुरक्षेचा. 26 नोव्हेंबर 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन सैनिकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. संशयित अफगाण, तोही एकेकाळी अमेरिकी गुप्तचरांसोबत काम केलेला. लगेच सगळ्याच अफगाणांच्या अर्जांचे काम थांबवले गेले. तपासणी हवी, कसून हवी, माणसागणिक हवी. पण एकाच्या गुन्ह्यासाठी जमातीला शिक्षा म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कुणी शिकवण्याची गरज नाही. गांधीजींच्या खुनानंतर 1948 मध्ये गावोगावी ज्या ब्राह्मणांची घरे जळाली, त्यांचा त्या पिस्तुलाशी काय संबंध होता? त्या जाळपोळीला जो अन्याय म्हणतो, त्याला काबूलसाठी दुसरा तर्क वापरता येणार नाही.

'आधी आपली गरिबी पाहा' हा आक्षेप मी पाच पैशांच्या तिकिटावर सोडतो. त्या वर्षी आपण आजच्याहून कितीतरी गरीब होतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत बायका दिसल्या नाहीत, यावर चार दिवस गदारोळ झाला. तो योग्यच होता. शेजाऱ्याशी बोलावे लागते, हेही मला मान्य आहे. पण दूतावास म्हटला की चालक येणार, पहारेकरी येणार, स्वयंपाकी आणि दुभाषी येणार, आणि ते तिथलेच असणार. त्यांच्या नेमणूकपत्रात आजच एक कलम घालता येते: भारताच्या सेवेमुळे जिवाला धोका झाला तर या व्यक्तीला, तिच्या जोडीदाराला, मुलांना व आईवडिलांना ठरावीक दिवसांत भारतात प्रवेश मिळेल, पुराव्याची कागदपत्रे जपण्याची जबाबदारी दूतावासाची राहील, नकार दिला तर कारण लेखी मिळेल आणि त्यावर अपील करता येईल. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. एका मंत्रालयाचे परिपत्रक आणि एक कुलूपबंद कपाट पुरते. हे कलम छापायला किती दिवस लागतील, एवढेच आपल्या खासदाराला एका पत्राने विचारावे. पाकिटाला आता जादा तिकीटही लागत नाही.