आत्याचं वर्तुळ

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की ते जुनी चोपडी काढतात आणि आपल्या पाच-सहा पिढ्या वाचून दाखवतात. माझे वडील तिथे आहेत, आजोबाही आहेत. वडील ४२व्या वर्षी गेले, आजोबा चाळिशी गाठायच्या आत. कशानं गेले, ते चोपडीत नाही. घरी विचारलं तर ‘पोटाचं दुखणं’ एवढंच उत्तर मिळायचं.

त्या दुखण्याला फॅमिलियल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस म्हणतात, थोडक्यात एफएपी. पाचव्या गुणसूत्रावरच्या एपीसी जनुकात बिघाड असतो. वयात येता येता मोठ्या आतड्यात कोंब फुटावेत तशा बारीक गाठी उगवू लागतात, शेकड्यांनी, कधी हजारांनी. काहीच केलं नाही तर त्यातल्या एखादीचा कर्करोग होतोच, बहुधा चाळिशीच्या आसपास. मूल होताना तो बिघाड त्याच्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा की मुलगी, याचा काही संबंध नाही.

माझं मोठं आतडं २४व्या वर्षी काढलं. लहान आतड्याचीच पिशवी करून खाली जोडली. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं. एसटीत बसण्याआधी स्टँडवरचं शौचालय बघून ठेवतो. पाणी आणि मीठ शोषणारं आतडंच नाही, म्हणून उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक, पेज, हे सतत लागतं. दरवर्षी दुर्बिणीची तपासणी असते, कारण गाठी पिशवीत आणि जठराच्या पुढच्या आतड्यातही येतात. हे सगळं अंगवळणी पडतं. मी जगतो आहे, आणि वडिलांच्या वयाच्या पुढे आलो आहे.

गप्प राहणं मात्र अंगवळणी पडू द्यायला नको होतं. शस्त्रक्रियेनंतर घरातली मोठी माणसं म्हणाली, बाहेर बोलू नकोस, बहिणींची लग्नं व्हायची आहेत. बहिणींची तपासणी झाली, तीही गुपचूप. बाकी कुणाला काही सांगितलं नाही. नऊ वर्षं.

याउलट, लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२४ सालीच या आजाराच्या कुटुंबांची नोंदवही सुरू झाली होती. त्यामागे होते लॉकहार्ट-ममेरी हे शल्यविशारद, ड्यूक्स हे विकृतिशास्त्रज्ञ, आणि बसी नावाचे त्यांचे सहायक, ज्यांनी पुढे कित्येक दशकं ती वही जपली. जनुकाची तपासणी तेव्हा कल्पनेतही नव्हती. एपीसी सापडला तो १९९१ मध्ये. त्यांच्याकडे प्रश्न होता : घरात आणखी कुणाला असं होतं? उत्तरावरून ते नातेवाइकांना त्रास सुरू व्हायच्या आधीच बोलावून घेत आणि तपासत. अशी आधी बोलावलेली माणसं वाचत. नुसत्या विचारण्यानं आणि लिहून ठेवण्यानं.

नऊ वर्षांनी तोच प्रश्न विचारत जनुक-समुपदेशकांनी माझ्यासमोर आमच्या घराचा वंशवृक्ष काढला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर आकृती काळी. वडिलांचा चौकोन भरला, आजोबांचा भरला. मग त्यांनी विचारलं, “वडिलांना बहीण?”

होती. ३८व्या वर्षी गेली. पोटाच्या दुखण्यानंच. आमच्या वंशावळीत लेकी लिहीत नाहीत. आत्या सासरी गेली आणि तिची ओळ तिथेच थांबली. तो जनुक तिच्याबरोबर गेला असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मला तर आजाराचं नाव ठाऊक होतं.

त्या रात्री आतेभावाला सोलापूरला फोन लावला. जमेल तसं, अडखळत सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

“दादा, आईलाही हेच होतं का रे?”

“असावं.”

“पोरगी अकराची आहे,” तो म्हणाला.

म्हटलं, आधी तू रक्त दे. तुझ्यात नसेल तर तिच्यातही येणार नाही. आणि असलं, तरी बघायला सुरुवात करायचं हेच वय आहे. सोमवारी या, मी दारात उभा असेन.