दगडी दरवाजा आणि भट्टीएवढ्या खोल्या

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीराच्या दरबाराकडे निघाला होता. वाटेत बऱ्हाणपूर लागलं. शहराचा कोतवाल सोळा निशाणं पुढे घालून त्याला सामोरा आला, सराईपर्यंत मानाने पोचवलं आणि दारातूनच परतला. दर्शनी बाजू देखणी होती, दगडाची. रो आत शिरला आणि चक्रावला. त्याच्या वाट्याच्या चार खोल्या म्हणजे भिंतीत काढलेल्या विटांच्या भट्ट्याच, माथ्याला गोल आणि आकारानेही तेवढ्याच. साहेब बिघडले. असल्या जागेत राहण्यापेक्षा शहर सोडतो, असा निरोप त्याने कोतवालाला धाडला आणि आपल्या तंबूंचा आसरा घेतला. हे सारं त्याच्या रोजनिशीत आहे. कोतवाल दारातूनच का परतला असेल, ते घरं दाखवणाऱ्या एखाद्या मुरलेल्या दलालाला विचारावं.

कोट्यवधींचं घर विकताना आज हीच निशाणं वेगळ्या रूपात नाचवली जातात. गिऱ्हाइकाची घराशी पहिली भेट आता फाटकापाशी होत नाही, मोबाइलच्या पडद्यावर होते. त्यामुळे फोटो कलत्या उन्हात काढायचे, मालकाच्या घरचे लग्नाचे फोटो भिंतीवरून उतरवायचे, अडगळ माळ्यावर टाकायची, पितळी नावपाटी घासून लखलखीत करायची. या कामाला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात आणि त्यासाठी पैसे घेणारे तज्ज्ञही आहेत. यात फसवणूक शोधण्याचं कारण नाही. पाहुणा यायचा म्हणून अंगणात सडा-रांगोळी करणारी गृहिणी काही खोटं बोलत नसते. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये मुद्दाम आखूड बनवलेला पलंग ठेवला, खोल्यांची दारंच काढून टाकली, भिंतभर आरसा लावून दिवाणखाना दुप्पट केला, की रांगोळीची हद्द संपते.

‘स्टेज’ हा शब्दही गमतीचा. सराईच्या प्रसंगानंतर रो शाहजादा परवेझच्या भेटीला गेला. उंच सज्जात, छताखाली, गालिच्यांच्या झगमगाटात शाहजादा बसलेला. खाली मानकरी हात जोडून उभे. हे बघून रोला लंडनच्या नाटकाचा मंच आणि त्यावरचा लुटुपुटीचा राजा आठवला. बसायला खुर्ची मागितली, ती मिळाली नाही. पुढे खासगीत भेटायचं ठरलं होतं. पण रोने नजर केलेल्या बाटल्यांनी शाहजाद्याचा ताबा घेतला आणि भेट राहूनच गेली. एवढा खर्चून उभारलेला देखावा पाहुण्याच्या लेखी नाटकच ठरला.

बऱ्हाणपूर व्यापाऱ्यांचं गाव, तेव्हा त्यांच्याच भाषेत बोलायचं तर पहिलं दर्शन ही हुंडी असते. ती आत वटते की नाही, एवढाच प्रश्न. कायदाही नेमका इथेच उभा राहतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, गिऱ्हाइकाला साधारण दक्षता घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. २०१६ चा रेरा कायदा बिल्डरच्या बाबतीत आणखी पुढे जातो. जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरने द्यायची. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर दुरुस्तीही त्याच्याच खर्चाने. म्हणजे झुंबर कायद्याच्या कक्षेत येत नाही. झुंबरामागे रंगाखाली दडवलेली ओल येते.

याच बऱ्हाणपुरात उलटा नमुनाही आहे. तापीकाठच्या शाही किल्ल्याचा बराच भाग ढासळला आहे, पण आत शाहजहानच्या काळातला हमाम आहे. त्याच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी आजही ओळखू येते. बाहेरच्या पडझडीवरून आत असं काही असेल, असा अंदाज कुणालाच येणार नाही. आणि लालबागेकडचा कुंडी भंडारा तर दर्शनी भागाशिवायच उभा आहे. जमिनीवर दिसतात ती फक्त ओळीने मांडलेली विहिरींची तोंडं. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरलं की सातपुड्याच्या पायथ्याकडून झिरपत आलेलं पाणी बोगद्यातून नुसत्या उताराने वाहताना दिसतं. हे काम सांगितलं जातं तेही १६१५ चंच. रो वरच्या खोल्यांवर चिडला होता, त्याच सुमारास हे खाली चाललेलं.

महागड्या घरांच्या गुळगुळीत पुस्तिकांत दिवाणखान्याला दोन पानं मिळतात. पाण्याची टाकी, गच्चीचा उतार, सांडपाण्याची वाट यांचा फोटो सहसा नसतो. घर बघायला आलेल्या कुटुंबातली आजी मात्र इटालियन संगमरवरावर मिनिटभर उभी राहते, ‘छान आहे हो’ म्हणते आणि थेट मोरीत जाऊन नळ सोडते. बादली भरायला किती वेळ लागतो ते बघते, जाळीवर पाणी तुंबतं का ते वाकून पाहते. दलाल तेवढ्यात बाहेर, दारापाशी, फोनवर बोलत उभा असतो.