सदिच्छा पुरेशी आहे काय?

उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे इतर मालाबरोबर परदेशचे मोडीचे लोखंडही उतरते, आणि ते कधी कधी रणभूमीवरून आलेले असते. २००४ साली दिल्लीजवळ गाझियाबाद येथे अशा भंगारातील तोफगोळे पोलादाच्या कारखान्यात फुटून दहा माणसे मेली. त्यानंतर असे नियम झाले की, तुकडे न केलेले भंगार ठरावीक बंदरांतूनच यावे, व त्यात दारूगोळा नाही असा तपासणीचा दाखला सोबत असावा. त्या बंदरांत न्हावा शेवाही आहे.

आता समजा, या बंदरात कारकुनी करणारा, पंचेचाळिशी उलटलेला एक गृहस्थ ही हकीगत वाचून कळवळला व म्हणू लागला, “ज्या देशांतील शेतांत अजून सुरुंग पुरलेले आहेत, तेथे जाऊन ते काढण्यात मी उरलेले आयुष्य वेचीन.” त्याला या कामाचा अनुभव मुळीच नाही. त्याने जावे काय?

कोणी म्हणेल, हेतू चांगला असला म्हणजे झाले. वाचकहो, हे मत आम्हांस मान्य नाही. कारवारकडील चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावरील सुरुंग व अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांस वाट करून दिली. जखमी असताही ते थांबले नाहीत. त्यांस परमवीर चक्र मिळाले, ते यथायोग्यच होय. परंतु सैन्याला वाट हवी असते, आणि तीही त्वरित. लोकांसाठी सुरुंग काढणाऱ्याला अख्खे शेत निर्धोक करून द्यावयाचे असते. तो गुडघे टेकून धातू ओळखणारे यंत्र जमिनीवरून सावकाश फिरवितो, यंत्र वाजले की बाजूने तिरकस माती उकरतो, आणि तपासलेली जागा खुणांनी आखतो. बहुतेक वेळा खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा निघतो. तथापि शंभर वेळा खिळा निघाला म्हणून एकशे एकाव्या वेळी घाई करून चालत नाही. त्याने वीतभर जागा सोडली, तर तिच्यावर उद्या एखाद्या लेकराचे पाऊल पडेल. ज्या कामात आपल्या अज्ञानाचा दंड दुसऱ्याने भरावयाचा असतो, तेथे नुसती सदिच्छा हा सद्गुण नव्हे.

मग अननुभवी मनुष्याला दार बंदच आहे काय? तसेही नाही. श्रीलंकेच्या उत्तरेस हे काम करणाऱ्यांत तेथल्याच गावांतील कित्येक स्त्रिया आहेत, त्यांत विधवाही आहेत. सुरुंगाचे ज्ञान त्यांस जन्मतः नव्हते. काही आठवड्यांचे शिक्षण, परीक्षा व वरिष्ठांची सतत देखरेख यांनी त्या तयार झाल्या. आपल्या देशातील निवृत्त लष्करी अभियंत्यांच्या संस्थांनीही तेथे काम केले. अर्थात उतारवय हा अडथळा नव्हे. मात्र हेही खरे की, माती उकरण्यास बहुधा त्या देशचेच लोक घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण जमीन त्यांची व मजुरीची गरजही त्यांची. परदेशच्या माणसाला बोलावतात ते शिकविण्यासाठी, आणि आमचा गृहस्थ तर अजून शिकलेलाच नाही.

म्हणून त्याने प्रथम स्वतःच्या मनाची झडती घ्यावी. मुलीच्या वयाच्या बाईने “तुमची रेघ चुकली, पुन्हा आखा,” असे म्हटले, तर मी निमूटपणे आखीन काय? परीक्षेत उतरलो नाही, तर सामानाची कोठी, हिशेबाची वही किंवा पाय गमावलेल्यांच्या कृत्रिम पायांची व्यवस्था मी तितक्याच आनंदाने पाहीन काय? याला मनापासून होय म्हणवत असेल, तर त्याने खुशाल जावे. माल उतरविण्याचे व कागद तपासण्याचे त्याचे ज्ञान तेथेही कामी येईल. मन कचरत असेल, तर त्याला लोकांची सेवा हवी आहे की आपल्या आयुष्याला शेवटी शेवटी एक तेजस्वी प्रकरण हवे आहे, हे त्याने ओळखावे.

आणि जाणे न घडले, तरी त्याने खिन्न होऊ नये. न्हावा शेव्याच्या कचेरीत भंगाराचा दाखला त्याच्यापुढे येतो, तेव्हा तो न वाचता शिक्का मारणे सोपे असते. जो तो नीट वाचतो, शंका आल्यास पेटी अडवून धरतो, आणि घाई करणाऱ्यांचा रोष सोसतो, तो कोठल्यातरी भट्टीजवळच्या मजुराच्या वाटेतला सुरुंगच काढीत असतो.