आजीचा दम

गणपतीत आमच्या मालवणच्या घरी आरत्या आणि भजन आटोपलं की रात्री फुगडी रंगते. दोन वर्षांपूर्वी आजी भिंतीला टेकून गात होती आणि बायका नाचत होत्या. मी मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. पुण्याला परतल्यावर एका शनिवारी लॅपटॉपवर तिच्या आवाजाखाली ढोल आणि बेस भरला आणि चुलतभावाला पाठवून दिलं. पुढच्या मे महिन्यात गावातल्या एका हळदीला डीजेने तेच लावलं. मुंबईहून आलेली, मालवणी धड न बोलणारी पोरं त्यावर घामाघूम होईस्तोवर नाचली. एकीने विचारलंही, "हे कुठलं गाणं?" मी फुशारलो.

दुसऱ्या दिवशी आजीला हेडफोन लावून ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ह्यां गाणां माझां? मगे माझो दम खंय गेलो रे बाबू?"

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. फुगडी संथ सुरू होते आणि चढत जाते. आजी नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून लय वाढवते, दोन ओळींच्या मध्ये दम घेते. माझ्या रिमिक्समध्ये पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत मिनिटाला 128 ठोके होते. सॉफ्टवेअरने तिचा प्रत्येक शब्द त्या मापावर ताणून बसवला होता, आणि तिचा श्वास मी 'नॉइज' म्हणून स्वतःच्या हाताने कापला होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. गाणं लांब पोचावं म्हणून ते बदललं, तर ते पोचवण्याचं पुण्य किती आणि बदलण्याचं पाप किती?

'मूळ गाण्याला हात लावू नका' हे उत्तर सोपं आहे, पण मला पटत नाही. आमच्या शेजारच्या गोव्यातलंच उदाहरण घ्या. 'हांव सायबा पलतडी वतां' ही कार्लुश एउजेनियु फेर्रेरा यांची कोंकणी देखणी. 1973 च्या 'बॉबी'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी 'ना मांगूं सोना चांदी'मध्ये तिचं ध्रुपद घेतलं आणि ती चाल अख्ख्या देशाच्या तोंडी बसली. नदीपलीकडे जायला निघालेली कलावंतीण आणि तिला आढेवेढे घेणारा नावाडी, ही मूळ गोष्ट मात्र फार थोड्यांपर्यंत गेली. आणि फेर्रेरांचं नाव? लग्नात त्या गाण्यावर नाचणाऱ्या कुणालाही विचारून बघा.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट माझ्या धंद्याशी जोडलेली आहे. अमेरिकन गायिका सुझान व्हेगा हिचं 'टॉम्स डायनर' 1987 च्या अल्बममध्ये वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात आहे. कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग यांनी एमपीथ्री तंत्र घडवताना याच गाण्यावर चाचण्या घेतल्या, कारण उघडा, जवळून येणारा मानवी आवाज दाबून लहान करताना बिघाड लगेच कानाला कळतो. (आजीला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.) 1990 मध्ये 'डीएनए' या नावाने काम करणाऱ्या दोन इंग्रज तरुणांनी परवानगी न घेता तिच्या आवाजाखाली नाचाचा ठेका घातला. व्हेगाला ते आवडलं. तिच्या कंपनीने खटला भरण्याऐवजी तोच रिमिक्स अधिकृतपणे काढला, आणि तो ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी तिने इतरांनी केलेल्या अवतारांचा एक अल्बमच काढला.

डीएनएने केलं ते माझ्यासारखंच, विनापरवाना. पण नंतर व्हेगाला विचारलं गेलं, तिला नाही म्हणता आलं असतं, आणि तबकडीवर तिचं नाव होतं. ऐकणाऱ्याला मागे वळून मूळ गाण्यापर्यंत चालत जाता येत होतं.

आपल्या कायद्यालाही हे थोडंफार कळतं. कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या 31सी कलमानुसार कुणाच्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची तर मूळ मुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते, आणि संमतीशिवाय मनमानी बदल करता येत नाहीत. पण फुगडीच्या गाण्याला कवी कुठला? आजीला ते तिच्या सासूने दिलं आणि आजीने त्यात स्वतःच्या दोन ओळी घातल्या. सासूला तरी तिने कुठे विचारलं होतं? फरक एवढाच, की सासू समोरच नाचत होती. न आवडतं तर तिथल्या तिथे बोलली असती. कायदा जिथे गप्प बसतो तिथे हे 'समोर असणं' लाज राखतं. मी पुण्यात बंद खोलीत बसून बदल केला. माझ्यासमोर आजी नव्हती, तिच्या आवाजाची एक फाइल होती.

म्हणून माझ्यापुरतं असं ठरवलंय: आधी विचारायचं, आणि परतीची वाट उघडी ठेवायची. मी आजीला विचारलं. तिने परवानगी दिली, पण एका अटीवर: "शेवटाक चढव." मी नवी आवृत्ती केली. तिच्यात दम आहे, शेवटी लय चढते, आणि सोबत आजीच्या नावासह अख्खं मूळ रेकॉर्डिंग जोडलंय.

ती डीजेला दिली. तो म्हणाला, "ह्याचा स्पीड बदलता, फुडच्या गाण्याक जुळणा नाय." यंदाच्या मे महिन्यात एकाही हळदीला ती वाजली नाही. जुनी मात्र वाजली, दोनदा. पोरं नाचली, आणि ठेका ऐकून माझाही पाय हलला.