कपोताची माया आणि घारीचा पंख



भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, हे आपणा दत्तभक्तांना नव्याने सांगायला नको. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू, ही आपली श्रद्धा. नाथमहाराजांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात ही कथा मराठीत विस्ताराने आली आणि पारायणातून घरोघर पोचली. त्या चोवीस गुरूंमध्ये पृथ्वी, समुद्र, अजगर, मधमाशी आहेत, तसा कपोतही आहे.

कपोत म्हणजे कबुतर. त्याची पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडली. ते पाहून कबुतरीने आक्रोश करत जाळ्यात उडी घेतली, आणि मागोमाग त्या कबुतरानेही. पारध्याला आयतं सगळं कुटुंब मिळालं. अति माया करू नये, हा त्यातला बोध. मी हे कित्येक वर्षं ऐकत आलो आणि मान डोलवत आलो. पण माया करू नये म्हणजे नेमकं काय करू नये, हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यापर्यंत पडलेला नव्हता.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, बारामतीला प्राणिशास्त्र शिकते. तिने सुट्टीत पुण्याजवळच्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात इंटर्नशिप घेतली. घरच्यांना वाटलं, पोरगी डॉक्टरांच्या हाताखाली काहीतरी मोठं शिकणार. प्रत्यक्षात तिचं काम पिंजरे धुणं, जुनी वर्तमानपत्रं बदलणं, पिल्लांना भरवणं आणि त्यांची वजनं रजिस्टरमध्ये लिहिणं. रोज, ठरल्या वेळी, ग्रॅममध्ये. मी बी.कॉम. होऊन जन्मभर बँकेत कारकुनी केली, त्यामुळे रजिस्टरचं ऐकून मला बरं वाटलं. वजन दोन दिवस सलग उतरलं की पिल्लू धोक्यात आहे हे डोळ्यांआधी आकड्यांना कळतं, असं ती म्हणाली.

इंदापूर तालुक्यातल्या एका पडक्या वाड्यातून तिथे गव्हाणी घुबडाची दोन पिल्लं आली होती. घुबड म्हटलं की आपल्याकडे लोक तोंड फिरवतात. खरं तर उसाच्या पट्ट्यात उंदरांचा बंदोबस्त करणारा याच्याइतका कामसू गडी दुसरा नाही, आणि लक्ष्मीचं वाहन म्हणूनही त्याला मान आहे, पण ते असो. ही पिल्लं भरवताना नातीला तोंडावर कापड बांधावं लागे. बोलायचं नाही. कुरवाळायचं तर मुळीच नाही. चिमट्याने मांसाचा तुकडा पुढे करायचा आणि बाजूला व्हायचं. कारण असं की लहान पिल्लू ज्याच्या हातून वाढतं त्यालाच आपल्या जातीचं समजू लागतं. मग मोठेपणी ते माणसाला भीत नाही, आपल्यातला जोडीदार शोधत नाही, कुणाच्याही अंगणात जाऊन बसतं आणि दगड खातं. म्हणजे सांभाळणाऱ्याने प्रेम दाखवलं तर तेच पिल्लाच्या जिवावर उठतं.

हे ऐकल्यावर मला कपोत आठवला. पण इथे कथा उलटीही होते. माया नको म्हणून ही मुलगी पहाटे उठलीच नसती, तर पिल्लं उपाशी मेली असती.

आधी मी मनाशी बँकेचा दाखला दिला. काउंटरवर आयुष्यभर लोकांच्या नोटा मोजल्या, त्यातली एकही माझी नव्हती आणि कधी वाटलीही नाही. संध्याकाळी हिशेब जुळला की घर. सेवा अशीच करावी, निर्लेप! पण हा दाखला टिकत नाही. नोटेला ऊब लागत नाही. पिल्लाला ऊब लागते, आणि ती देणाऱ्याच्या मनात काहीच नसेल तर तो रात्री उठून दिवा पाहणार नाही. बँकेतलं माझं वैराग्य खरं तर पगारी होतं.

आपल्याच भागातलं दुसरं उदाहरण घ्या. भीमेवर उजनीचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. पाण्याखाली गावं गेली, पळसदेवचं जुनं मंदिर गेलं. पाणी ओसरलं की त्याचं शिखर वर येतं आणि जुनी माणसं अजून बघायला जातात. त्याच पाण्यावर भिगवण, कुंभारगावच्या बाजूला आता रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. तिथले मासेमार होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. त्यांना प्रत्येक पक्ष्याचं नाव ठाऊक, आणि मालकी एकाचीही नाही. तीच भीमा पुढे आपल्या गाणगापूरला जाते. दृश्य सुंदर आहे, पण तिथे निर्लेप राहणं सोपंही आहे. पक्षी आपण होऊन येतो, आपण होऊन जातो. आपला हात त्यात कुठे भरत नाही.

नातीचा हात भरला तो घारीच्या वेळी. आपल्याकडे बारामती-इंदापुरात पतंग नागपंचमीला उडतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच, आणि झाडावर अडकला की महिनोन्‌महिने तसाच लोंबतो, कुजत नाही. त्यात सापडलेली एक घार केंद्रात आली. पंखाचा सांधाच कापला गेला होता. नातीने तिला बारा दिवस भरवलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की ही पुन्हा उडणार नाही, वेदना थांबणार नाहीत, हिला शांतपणे जाऊ द्यावं.

त्या रात्री तिचा फोन आला. "आबा, तुमच्या पोथीत याला काय सांगितलंय?"

मी म्हणालो, "बाळा, पिंजऱ्यात ठेवली असती तर?"

"मीही तेच म्हटलं. तर डॉक्टर म्हणाले, कुणासाठी ठेवायची? तिच्यासाठी की तुझ्यासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. जीव घेणं हे मला आजही सहज मान्य होत नाही. आपण माळकरी घरातली माणसं. पण डॉक्टरांच्या प्रश्नाने कपोताची गोष्ट मला नव्याने कळली. कबुतराने पिल्लांवर प्रेम केलं यात त्याचं काही चुकलं नाही. त्याने उडी घेतली ती पिल्लांना सोडवायला नव्हे. त्याच्या उडीने एकाही पिल्लाचं जाळं सुटणार नव्हतं. त्याला स्वतःचं दुःख सोसवेना, म्हणून त्याने उडी घेतली. घारीला जन्मभर पिंजऱ्यात ठेवावं असं मला वाटलं, तेव्हा मीही माझंच दुःख टाळायला बघत होतो की काय? आणि उलट बाजूने, खर्च नको, जागा नाही, म्हणून कुणी जीव संपवला तर त्याला वैराग्य म्हणता येईल का? नाहीच. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारायचा, की हे कुणासाठी? तो रोज नव्याने विचारावा लागतो, इथे पोथीतला तयार आकडा चालत नाही.

आपल्या वाचकांत अंगणात पडलेलं पिल्लू उचलणारे पुष्कळ असतील, म्हणून नातीने सांगितलेलं थोडं लिहितो. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात, फक्त मांजर-कुत्रं लांब ठेवा. पिसं नसलेलं असेल आणि घरटं दिसत असेल तर परत ठेवा. माणसाने हात लावला की पक्षीण पिल्लू टाकते, हा समज बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत खोटा आहे. दूध-पाव देऊ नका, चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर खोक्यात अंधारात ठेवून वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आणि रानातला पोपट पिंजऱ्यात पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही गोड "दत्त दत्त" म्हणो.

घुबडाची पिल्लं मोठी झाल्यावर त्याच गावाजवळ, तिन्हीसांजेला सोडली. नात लांब, झाडाआड उभी होती. एक लगेच गेलं. दुसरं बराच वेळ खोक्याच्या काठावर बसून राहिलं, मग तेही गेलं. ती पुढच्या सुट्टीत परत जाणार आहे. पिंजऱ्यांत घालायला जुनी वर्तमानपत्रं जमवून ठेवा, असं मला सांगून गेलीय. आत्तापर्यंत तीन गठ्ठे बांधून झालेत.