देव आहे, पण पेट्रोल?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५. परिणाम, क्षय, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपली कुवत यांचा विचार न करता, मोहाने सुरू केलेल्या कर्माला भगवंत तामस म्हणतात.

मी 'क्षय' या शब्दावर अडलो. मागच्या मे महिन्यात गावी, झरी जामणीला गेलो होतो. बाबांना मागे बसवून वणीहून बाइकवर परत येत होतो. मुकुटबनला पेट्रोल भरता आलं असतं. 'पोचू की, देव आहे' म्हणत पुढे निघालो आणि गाडी मध्येच बंद पडली. बाबांना शुगर आहे. त्यांची जेवणाची वेळ टळली, आणि आम्ही भर उन्हात गाडी ढकलत होतो. बाबा एवढंच म्हणाले, "देवाच्या नाही, आळसाच्या भरोशावर होता तू."

रात्री सहज शोधलं, विमानांचंही असं होतं का? होतं! अमेरिकेतल्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेच्या २०११ ते २०१५ च्या नोंदींनुसार, इंधनाचं नियोजन चुकल्यामुळे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात झाले. त्यातल्या ५६ टक्के अपघातांत इंधन चक्क संपलेलं होतं. यंत्राचा दोष जेमतेम ५ टक्के. आणि शिकाऊ वैमानिक? फक्त २ टक्के. बाकी बहुतेक परवाना असलेले.

तिथे दिवसा लहान विमान उडवतानाही, पोचून वर अर्धा तास पुरेल इतकं इंधन हवं, असा नियम आहे. शहाणे वैमानिक नुसत्या काट्यावर विसंबत नाहीत, निघण्याआधी टाकीत पट्टी बुडवून बघतात. मला वाटतं, नवखा घाबरून मोजतो. सरावलेला म्हणतो, 'आजवर पोचलो, आजही पोचू.' सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा अलर्ट 'उद्या बघू' म्हणून बंद करणारा मी, याच जातीचा.

मग मोजणं म्हणजे देवावर अविश्वास का? मला तसं वाटत नाही. टाकीत किती आहे हे बघायला डोळे त्यानेच दिलेत. ते मिटून घ्यायचे आणि त्याला श्रद्धा म्हणायचं, ही त्याचीच फसवणूक. शिवाय मी एकटा नव्हतो. मागे बसलेल्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला होता. माझ्या 'श्रद्धे'ची किंमत त्याने का मोजावी?

आज नामस्मरणानंतर एक काम करू या. झोप, पैसा, आईवडिलांची औषधं, जे संपत आलंय असं आतून माहीत आहे, ते एकदा उघडून बघू या.

राम कृष्ण हरी.